सायलेन्सरपुढचा पांढरा रुमाल

माझ्या घरातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण रुमालांनी भरलेला आहे. इस्त्रीचे नव्हेत, डाग पडलेले. बायको वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, ते फेकून देते म्हणते आणि मी वर्षातून दोनदा तिच्याशी भांडतो. प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात बॉलपेननं गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव लिहिलेलं आहे. सोलापुरात चाळीस वर्षं डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त केले, त्याचा माझ्यापाशी उरलेला पुरावा एवढाच. त्या ढिगात एकच रुमाल पांढराशुभ्र आहे, आणि नेमका तोच खोटा निघाला. त्याचं सांगायचं आहे.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण आमचा धंदा लोकांना कधीच कळला नाही. पेट्रोलपंप आहे काय तुमचा, असं मला सोयरिकीच्या बैठकीत विचारलेलं आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून पेटवतात. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा एवढी दाबायची की ती आपोआप तापते, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. पेटतंच. हा फवारा मारतं ते नोझल, आणि त्याला दाबानं डिझेल पुरवतो तो पंप. फवारा अत्तराच्या बाटलीसारखा बारीक पडला तर इंजिन खूश. थेंब थेंब गळला तर गाडी काळा धूर ओकते आणि मालक आमच्या दारात येतो.

चांगलं नोझल टेस्टरवर चढवून दांडा दाबला की कुर्र कुर्र आवाज करतं. आम्ही म्हणायचो, नोझल बोललं. न बोलणारं नोझल मी कधी गाडीत बसवलं नाही. पण हे बोलणं गिऱ्हाइकाला कुठलं कळणार? त्याला डोळ्यांनी दिसायला पाहिजे. म्हणून मी रुमालाची पद्धत काढली. काम झालं की गाडी चालू करायची, सायलेन्सरच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर पांढरा रुमाल धरायचा आणि मालकालाच तीनदा रेस द्यायला लावायची. डाग विभूतीच्या रंगाचा आला तर पास. तव्याच्या बुडासारखा आला तर पंप पुन्हा खाली. मग बिलावर मालकाची सही होण्याआधी त्या रुमालावर माझी सही. लोक चेष्टा करायचे, सिद्धूअण्णा गाडीचं नाक पुसतोय म्हणायचे. पण अक्कलकोटपासून कुर्डुवाडीपर्यंतचे ट्रकवाले रुमाल बघितल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत.

हे रुमाल मला पुरवायचे नव्या पेठेतले अप्पा. साड्यांचं दुकान. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. दर पाडव्याला त्यांच्याकडून मलमलीच्या तुकड्यांचं एक गाठोडं यायचं. एकदा मी म्हटलं, अप्पा, एवढं चांगलं कापड धुराला कशाला, जुनं धोतर फाडून देत जा. तर म्हणाले, परीक्षा घ्यायची तर कापड स्वच्छच पाहिजे की.

त्यांच्या दुकानाचा खरा जीव म्हणजे अक्का, त्यांच्या बायको. गादीवर बसून नवरीच्या चेहऱ्याकडं एकदाच बघायच्या आणि मागच्या फळीवरची साडी बोटानं दाखवायच्या. ती सोडून दहा साड्या उलगडल्या तरी शेवटी तीच जायची. मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत, दक्षिणेकडून आलेल्याशी कानडीत. माझ्या लग्नातला शालूही त्यांनीच काढून दिला होता. मला त्या धाकट्या भावासारखं ‘अरे सिद्धू’ म्हणायच्या आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या धंद्याला दुसरा एक जोडधंदा आपसूक चिकटला होता. गाडी घ्यायच्या आधी लोक मला विचारायला यायचे. कोणती घेऊ, डिझेल की पेट्रोल, आणि अलीकडं डिझेल की इलेक्ट्रिक. शोरूममधली टाय लावलेली पोरं पाठ केल्यासारखं बोलतात, लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. मी बाकड्यावर बसवायचो, चहा सांगायचो आणि तीन प्रश्न विचारायचो. रोज किती किलोमीटर? रात्री गाडी कुठं उभी राहते? आणि गाडीत बसतं कोण? या तीन प्रश्नांच्या उत्तरात गाडी आपोआप सापडते. आपल्याकडं लोक उलटं करतात. आधी मेहुण्यानं कोणती घेतली ते बघतात आणि मग आपल्याला तीच कशी लागते ते पटवून देतात.

तर अक्कांना दमा होता. वय वाढलं तसा वाढला. नव्या पेठेत रिक्षांची गर्दी, पुढच्या रिक्षाचा धूर मागच्या रिक्षातल्या माणसाच्या तोंडात. घर ते दुकान अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण रिक्षातून उतरल्यावर त्यांना अर्धा तास धाप लागायची. डॉक्टरांनी रिक्षा बंद केली. चालणं आधीच बंद झालं होतं. अप्पा माझ्या दुकानात आले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, “हिचं दुकान सुटलं तर ही अंथरूण धरंल, सिद्धू. बंद काचेची गाडी घ्यायची म्हणतोय. डिझेल घेऊ का ती करंटवाली?”

आता त्या दिवसाचं सांगितलं पाहिजे. अप्पा यायच्या जरा आधीच एक भंगारवाला माझी टेस्ट बेंच बघून गेला होता. टेस्ट बेंच म्हणजे पंप फिरवून त्याचं माप काढायचं अवजड मशीन, आमच्या धंद्यातलं देवघर म्हणा. नव्या गाड्यांचे पंप त्या बेंचवर चढत नाहीत, त्यांना कॉम्प्युटर लागतो. तो माणूस बेंचभोवती फिरला, बुटाच्या टोकानं तिचा पाय ठोकला आणि लोखंड किती निघेल ते बोलला. वर म्हणाला, अण्णा, डिझेल संपलं आता, सगळं इलेक्ट्रिक. माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. कुणी येतंय, बुटानं ठोकतंय आणि संपलं म्हणतंय.

अप्पांना मी एकही प्रश्न विचारला नाही. तीनातला एकही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सरळ म्हणालो, डिझेल घ्या. नवं डिझेल काय चीज आहे तुम्हाला माहीत नाही, अप्पा. धूर नावाला नाही. करंटच्या गाडीचं काय सांगावं, सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरी तापली तर? भर रस्त्यात चार्जिंग संपलं तर? दीड किलोमीटरच्या रस्त्यात चार्जिंग संपायला ती काय टॉर्च आहे? पण बोलत सुटलो. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मग बेंचकडं बघितलं आणि म्हणाले, बरं. तू म्हणतोस तर डिझेल.

गाडी आली. अक्कांना पुढं बसवून मी स्वतः रुमाल काढला, त्यांच्याच दुकानातला. सायलेन्सरपुढं धरला आणि अप्पांच्या दुकानातल्या दस्तगीरला, जो आता गाडीही चालवणार होता, तीनदा रेस द्यायला सांगितली. रुमाल जसाच्या तसा. विभूतीसुद्धा नाही. मी तो गल्लीत सगळ्यांना उलगडून दाखवला. कोपऱ्यात नंबर लिहिला आणि खिशात घातला. त्या दिवशी माझ्याएवढा तोरा सोलापुरात कुणाचा नसेल.

मेख कुठं होती ते आता सांगतो. या स्वच्छ डिझेलमध्ये धूर होत नाही असं नाही. काजळी होतेच. सायलेन्सरच्या आधी जाळीचं एक डबडं बसवलेलं असतं, फिल्टर. ते काजळी पोटात धरून ठेवतं, म्हणून रुमाल पांढरा. पोट भरलं की ते तापवून आतली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं न थांबता एका वेगानं पळाली पाहिजे. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला हे कळतही नाही, आपोआप जळून जातं. पण दीड किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचं इंजिन गरमसुद्धा होत नाही. काजळी साठतच जाते. मग समोर एक पिवळा दिवा लागतो. हे मला माहीत नव्हतं काय? पाठ होतं.

महिन्याभरात दस्तगीर दारात हजर. “अण्णा, बत्ती लगी.” मी त्याला म्हटलं, काही नाही, नाजूक काम आहे, रविवारी मी स्वतः येऊन करतो. अप्पांना काय झालं ते सांगितलं नाही. नवीन गाडी आहे, जरा मोकळी करून आणावी लागते, एवढंच म्हणालो.

त्याच सुमारास सांगोल्याकडचा बिरू आला. मेंढरं-शेळ्यांच्या बाजाराला त्याची पिकअप दिवसाला दोन-दोनशे किलोमीटर पळते. त्याला कुणीतरी इलेक्ट्रिक घे म्हणून भरीला घातलं होतं आणि माझ्या तीन प्रश्नांनंतर मीच त्याला नवी डिझेल घ्यायला लावली होती. ती बरोबरच निवड होती. पण गडी गाडी दुसऱ्या पिकअपनं ओढत घेऊन आला. त्याच्या गाडीत धूर धुवायला एक पाणी घालावं लागतं, युरियाचंच, पण दवाखान्यातल्या सलाइनसारखं शुद्ध केलेलं, बंद कॅनमधून येणारं. ते पाणी संपलं की गाडी चालू होत नाही. बिरूनं काय केलं, डाळिंबाच्या बागेला आणलेल्या पोत्यातला युरिया बादलीत विरघळवला, बायकोच्या ओढणीनं गाळला आणि ओतला. सगळ्या नळ्यांत खडे धरले. मी कपाळावर हात मारला तर मलाच म्हणतो, “दोन्ही युरियाच हायती न्हवं? झाडाला चालतोय, गाडीला का चालंना?” शेतकऱ्याच्या हिशेबानं त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

नळ्या धुता धुता त्यानं सहज विचारलं, “अण्णा, तुमी मला घरातल्यावानी इचारलंत, गाडीत कोन बसतंय, रातीला कुटं उभी ऱ्हाती. समद्यांना इचारता का?”

“सगळ्यांना,” मी म्हणालो आणि हातातला ब्रश तसाच राहिला. त्या दिवशी ती नळी मी दोनदा धुतली.

तेव्हाच जाऊन अप्पांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. चाळीस वर्षांच्या शब्दाला डाग लागला असता ना. त्याऐवजी मी रविवार धरला.

रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आत, मी अप्पांच्या दारात जायचो आणि गाडी विजापूर रोडला काढायचो. पहिल्या वेळी अप्पा एकटेच बसले. दुसऱ्या वेळी अक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी आले तर गाडी मोकळी होत नाही का? मग काय, पुढची सीट त्यांची झाली. लग्नकार्य आणि दवाखाना सोडून ती बाई कित्येक वर्षांत गावाबाहेर पडली नव्हती. मुलगी बंगळूरला, तिच्याकडं जाणं झेपत नव्हतं. त्या पहिल्या रविवारी त्यांनी ज्वारीचं रान बघितलं आणि लहान मुलीसारखं बोटानं दाखवलं, बघ, कणीस भरलंय.

ट्रक संपून रस्ता मोकळा झाला की त्या काच चार बोटं खाली घ्यायच्या आणि वारं तोंडावर घ्यायच्या. मी त्यांना पिवळा दिवा दाखवला होता. तो विझेपर्यंत थांबायचं नाही, विझला की गाडीचं पोट साफ. मग त्या दिव्याकडं लक्ष ठेवणं हे त्यांचं काम झालं. अप्पा मागं बसून डुलक्या काढायचे, मी काटा एका जागी धरून ठेवायचो आणि अक्का दिव्याकडं बघत साड्यांच्या गोष्टी सांगायच्या. कोणत्या नवरीनं रडून हट्टानं कोणता रंग घेतला आणि वीस वर्षांनी तीच लेकीला घेऊन तोच रंग मागायला कशी आली. मध्येच म्हणायच्या, “विझला बघ.” की मी पहिल्या लिंबाखाली गाडी घ्यायचो. अक्कांच्या मांडीवरचं भाकरीचं फडकं उलगडलं जायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. अप्पा जागे होऊन पहिला घास मला द्यायचे.

किती रविवार असे गेले. माझ्या आयुष्यात मी एवढ्या गाड्या दुरुस्त केल्या, ट्रायल म्हणून हजारदा विजापूर रोडला गेलो, पण रस्त्याच्या कडेला बसून भाकरी कधी खाल्ली नव्हती. आमची बायको म्हणायची, तुम्हाला रविवारी सणासारखं उठायला बरं जमतं. खरंच होतं. कधी कधी दिवा लागलेला नसायचा तरी आम्ही जायचो. चुकीच्या गाडीनं एवढं सुख द्यावं, हे मला तेव्हाही टोचायचं आणि भाकरी तोंडात असली की टोचायचं थांबायचं.

मग कुर्डुवाडीला भाच्याचं लग्न निघालं. एक रविवार बस्त्यात गेला, दुसरा पत्रिका वाटण्यात. तिसऱ्या आठवड्यात तिथंच असताना अप्पांचा फोन आला, दिवा लागून चार दिवस झाले, आता गाडी जोर धरत नाही, दस्तगीर काय करू विचारतोय. मांडवात वाजंत्री चालू, पाहुणे हात ओढतायत. मी जुन्या डिझेलवाल्यासारखं बोलून गेलो. म्हणालो, दारातच उभी करा आणि वीस मिनिटं चांगली रेस देऊन ठेवा, मोकळी होईल. पूर्वी असंच करायचो आम्ही. ट्रक दमला की जागेवर रेस, धूर बाहेर, काम फत्ते.

दस्तगीरनं सांगितल्याप्रमाणं केलं. त्याचा काय दोष? गल्ली आठ फुटांची, दोन्हीकडं उंच भिंती. फिल्टर तापला, काजळी अर्धवट पेटली आणि असा उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा वास गल्लीत भरला की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. आणि अक्का तळमजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर, दुकानाला निघायच्या तयारीत, केसांत गजरा माळून बसलेल्या. त्यांना श्वास घेता येईना. त्याच गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर गाडी जोरच धरेना. शेवटी रिक्षातून नेलं. ज्या रिक्षेचा धूर टाळायला गाडी घेतली, तिच्यातून.

मी मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठलं. दवाखान्यात अक्कांच्या तोंडावर ऑक्सिजन लावलेला, डोळे मिटलेले, गजरा उशीवर चुरगळून पडलेला. अप्पा बाहेर बाकड्यावर. दस्तगीर भिंतीला टेकून उभा, माझ्याकडं बघेना. मी अप्पांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ही गाडी तुमच्यासाठी नव्हतीच. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दीड किलोमीटरला डिझेल घेऊ नये हे मी शंभर लोकांना सांगितलंय, तुम्हाला तेवढं सांगितलं नाही. मोकळी करून आणायची असते वगैरे सगळी थाप होती. रडलो की काय आठवत नाही, पण अप्पांनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातात दिला, म्हणजे रडलोच असणार.

माझ्या हातातला पंचा परत घेऊन त्यांनी खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “तुझ्याकडं यायच्या आदल्या दिवशी मी आणि ही करंटची गाडी बघून आलो होतो, सिद्धू. हिनं रंगसुद्धा निवडला होता.”

“मग मला विचारायला का आलात?”

“विचारायला नाही, सांगायला आलो होतो. तर तिथं दारातच तो भंगारवाला भेटला, तुझ्या बेंचचं बोलत चाललेला. आत आलो तर तुझं तोंड बघवेना, म्हणून सांगायच्याऐवजी विचारलं. त्या दिवशी मीपण तुला नको म्हटलं असतं तर तू परत कुणाला सांगायला तोंड उघडलं नसतंस. घरी जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, इरली बिडू, सिद्धूचा शब्द आहे, डिझेल तर डिझेल.”

इरली बिडू म्हणजे असू दे, सोड. कानडीतले हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्या बाकड्यावर मला ते सोसले नाहीत. मी माझ्या शब्दाला जपत होतो, आणि ती दोघंही माझ्याच शब्दाला जपत होती. आणि दम कोणाला लागला, तर आत झोपलेल्या बाईला. अजूनही आंघोळीला बसलं की मध्येच हे आठवतं आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात राहतो.

तीन दिवसांनी अक्का उठून बसल्या. मी खाटेशेजारचं स्टूल ओढलं आणि म्हणालो, अक्का, तीन प्रश्न विचारायचे राहून गेले होते, ते विचारतो. त्यांनी मान हलवली.

“रोज किती किलोमीटर?”

“घर ते दुकान.”

“रात्री गाडी कुठं उभी राहते?”

“आपल्या अंगणात. भिंतीला पाण्याच्या मोटारीचा बोर्ड आहे तिथं.”

“गाडीत बसतं कोण?”

त्यांनी उशीला टेकून श्वास घेतला. धाप अजून पुरती गेली नव्हती. मग म्हणाल्या, “मी.”

“मग करंटवाली,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बाहेर पडला असेल. अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

डिझेल गाडी आम्ही अशा माणसाला दिली जो रोज सोलापूर-विजापूर करतो. त्याचा दिवा आजतागायत लागलेला नाही. यंत्राचा दोष नव्हता, ते मी आजही कुणाला म्हणू देत नाही. बिरूच्या रस्त्याला ते सोनं आहे. नव्या पेठेत ते गुदमरलं.

नवी गाडी आली, अक्कांनी आधी निवडलेल्याच रंगाची, पिकल्या जांभळासारखी. दस्तगीर दोन दिवस गोंधळलेला. “अण्णा, गाडी चालू हुई की न्हई समझताच न्हई.” गर्दीतल्या लोकांना ती आल्याचं कळत नाही म्हणून तो हॉर्न वाजवून वाजवून बेजार. पूजा झाली, नारळ फुटला, आणि मी सवयीनं खिशातून रुमाल काढून गाडीच्या मागं गेलो. वाकलो. सायलेन्सर कुठाय? तिथं नुसता सपाट पत्रा. रुमाल हातात धरून मी तसाच उभा. सगळी गल्ली हसली, मीही हसलो. अप्पा म्हणाले, बांध आता डोक्याला.

अक्का पुन्हा गादीवर बसायला लागल्या. रोज सकाळी काच बंद करून जातात, संध्याकाळी येतात, धाप नाही. नवऱ्यामुली पुन्हा त्यांच्या बोटाकडं बघायला लागल्या. याहून जास्त काय पाहिजे होतं? माझी बेंच शेवटी मी भंगारात दिली नाही, एका तंत्रशाळेला दिली. तिथली मुलं तिच्यावर काय शिकतात देव जाणे. नोझल टेस्टर मात्र घरी आणला. कधी करमेनासं झालं की एखादं जुनं नोझल चढवतो आणि दांडा दाबतो. कुर्र कुर्र. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, झाली का पूजा?

करमेनासं व्हायचं ते रविवारी. गाडीला आता काजळी नाही, दिवा नाही, मोकळी करायचं कारण नाही. पहिल्या रविवारी मी सकाळी लवकर उठलो आणि दाढी करून बसून राहिलो. दुसऱ्या रविवारी दाढीही केली नाही. अप्पांच्या दारात जायला काही अडचण नव्हती. पण काय सांगून जायचं? चाळीस वर्षं मी लोकांच्या दारात गेलो ते गाडी बिघडली म्हणून. नुसतं जायची मला सवयच नाही. आणि ज्या घरावर माझ्यामुळं ती पाळी आली, त्या घरात भाकरी खायला कोणत्या तोंडानं बसू, हेही होतंच.

तिसऱ्या रविवारी सकाळी फोन वाजला. अक्का होत्या.

“अरे सिद्धू, दिवा लागलाय बघ.”

मी आधी चपला शोधायला लागलो. मग लक्षात आलं. “अक्का, या गाडीत तो दिवा नसतोच.”

“मला काय गाडीतलं कळतंय?” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी भाकरी बांधून बसलेय. विझवायला येतोस का नाही?”

मी बायकोला हाक मारून कपाटाच्या वरच्या खणातला एक कोरा रुमाल मागितला आणि दाढीचं पाणी ठेवलं.